मासे जेवले का?

टेलिफोनबाईंचा उजवा खांदा आखडला आणि माशांच्या टाकीचं झाकण उचलणं त्यांच्या जिवावर येऊ लागलं. एकदा तर खाण्याचा अख्खा डबा पाण्यात उपडा झाला. उभा जन्म एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडण्यात गेला, म्हणून त्यांना हे नाव पडलेलं. आता घरातला फोन संध्याकाळी एकदाच वाजे. दूर राहणारी लेक विचारी, "मासे जेवले का?" वडील गेल्यावर घर विकण्यावरून मायलेकींचं बिनसलं होतं. तेव्हापासून सगळी ख्यालीखुशाली माशांच्या नावावर चाले.

डबा सांडल्याचं ऐकून लेक म्हणाली, "आई, खाणं घालायचं मशीन घे. फोनला जोडतात ते. मासे जेवले की मला इथे कळेल. रोज विचारायची कटकट नको."

दुसऱ्या दिवशी बाई माशांच्या दुकानात गेल्या.

दुकानदाराने दोन मशीनं पुढे ठेवली. "मावशी, हे फोनवालं. चंद्रावर गेलात तरी मासे उपाशी राहायचे नाहीत."

"आणि हे?"

"हे साधं. डबी फिरते, खाणं पडतं. पण ओल धरली की खाण्याचा गोळा होऊन अडकतं. रोज बघावं लागतं. नका घेऊ, मागाहून मला शिव्या घालाल."

"रोज बघावं लागतं?"

"रोज."

"मग हेच द्या."

"खोड ऐकून माल घेणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय," तो म्हणाला.

संध्याकाळी लेक वैतागली. "फोनवालं का नाही घेतलंस?"

"संपलं होतं," बाई खोटं बोलल्या. "हे अडकतं म्हणे अधूनमधून."

"म्हणजे विचारणं आलंच."

"आलंच."

फोन येत राहिला. मासे मात्र बदलले. पूर्वी बाईंची चाहूल लागली की काचेशी झुंबड करत. आता मशीनखाली घोळका करून वर बघत राहत. एके दिवशी बाईंनी काचेवर नखाने टकटक केलं. एकही वळला नाही. डबी फिरली, खाणं पडलं, पाणी खळबळलं.

थोड्या वेळाने फोन वाजला. "मासे जेवले का?"

"जेवले."

"बरं. ठेवू मग?"

"अगं, आज अडकलं होतं जरा," बाई घाईने म्हणाल्या. "मी मोकळं केलं."

"तू? त्या खांद्याने? कसं काय?"

"सांगते," म्हणत बाईंनी डाव्या हाताने खुर्ची ओढली.