साइमाच्या धनुष्याचा पीळ

इर्या लाहतीचे हात रिकामे राहू शकत नसत. चर्चमध्ये पाद्री बोलत असताना ती समोरच्या बाकाचा ढिला खिळा अंगठ्यानं आत दाबत बसे. दुसऱ्याच्या घरी कॉफीला गेली, की त्यांच्या कपाटाचं करकरणारं दार आधी वर उचलून बघे. नवरा वाइनो म्हणे, "हिला मेल्यावर पेटीत ठेवलं तर आतून बिजागऱ्या तपासेल." ती हसे, आणि हसता हसता त्याच्या शर्टाचं सुटलेलं बटण पिरगाळून तोडून टाके, शिवायला.

अशा बाईनं जुनी धनुष्यं दुरुस्त करायचा उद्योग धरावा यात नवल नव्हतं. पेल्तो या मिशिगनमधल्या फिनिश वस्तीच्या गावात आणि आसपास पन्नास-साठ वर्षांपूर्वीची धनुष्यं माळ्यामाळ्यांवर पडून होती. टोकाशी उलटी वळलेली, मेपलच्या पातळ पट्ट्यांवर फायबरची पट्टी चिकटवलेली. मागच्या शेडमध्ये इर्या ती खरवडे, लाख चढवे, नव्या दोऱ्या वळे. सरोवराच्या या काठाला तिच्याइतका चांगला हात दुसरा नव्हता. हे तिलाही माहीत होतं. जरा जास्तच माहीत होतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सोमवारी, साइमा तिच्याकडे आली. साइमा ह्युवोनेन, वय एक्याऐंशी. सगळं गाव तिला साइमा तॅती म्हणे, म्हणजे साइमा मावशी. मिशिगन राज्यात ती दोनदा पहिली आली होती आणि इर्याच्या हातात पहिलं धनुष्य तिनंच दिलं होतं. गेली तीन वर्षं मात्र खांद्यामुळे तिनं बाण सोडला नव्हता.

"दोरी बदल," साइमा म्हणाली, "आणि मुठीपाशी लाखेला तडा गेलाय, तेवढ्यावर बोट फिरव. बाकी काही करायचं नाही."

"खांदा कसा आहे, तॅती?"

"खांद्याचं सोड. लेक म्हणते, आता पुरे, टांगून ठेव. मी म्हटलं, रविवारी सोडते तीन बाण. हात राहिला असेल तर कळेल. गेला असेल तर हातमोजा काढीन आणि पुन्हा त्याचं नाव घेणार नाही. घरात बसून कुढायला मला आवडत नाही."

रविवारी जुन्या धनुष्यांचा मेळा होता. चर्चमागच्या कुरणात दर वर्षी भरे. लाकडी बाण, खऱ्या पिसांचे. आणि रीत अशी की हजर असलेल्यांत सगळ्यांत वडील माणसानं पहिले तीन बाण सोडायचे. ते झाल्याशिवाय कुणी धनुष्याला हात लावायचा नाही.

साइमा गेली. इर्यानं दोरी बदलली, तड्यावर लाख लावली. दीड तासाचं काम. मग सवयीनं एक डोळा मिटून तिनं धनुष्य लांबीत न्याहाळलं आणि तिचा जीव खालीवर झाला. खालच्या पात्याला, म्हणजे मुठीखालच्या भागाला, पीळ होता. अगदी थोडा, पण दोरी मध्यावर न बसता डावीकडं कलत होती.

आता दुसऱ्या कुणी 'बाकी काही नाही' हे शब्द आठवून धनुष्य फडक्यात गुंडाळलं असतं. इर्यालाही ते आठवले. पण तॅतीची परीक्षा रविवारी, आणि ती वाकड्या धनुष्यावर द्यायची? असं काहीतरी तिनं स्वतःला सांगितलं. खरं तर तिचे हात शिवशिवत होते.

मंगळवारी तिनं पात्यावर गरम पाणी ओतून ते उलटं पिळलं आणि गार होईतो धरून ठेवलं. बुधवारी सकाळी पीळ अर्धा परत आला. तिनं पुन्हा तेच केलं, गुरुवारी पुन्हा. शुक्रवारी तिला घास गोड लागेना. वाइनो बटाटे वाढत होता आणि ही काटा-चमचा एकमेकांत अडकवून पीळ द्यायचा कोन बघत होती.

"अगं, तिनं सांगितलंय का ते सरळ करायला?" वाइनोनं विचारलं.

"तुला नाही कळायचं त्यातलं."

"मला एवढं कळतं की तू चमचा वाकवलास."

शनिवारी दुपारी तिला सुचलं. मंद, सारखी ऊब हवी, अर्धा तास. आणि सारखी ऊब म्हटल्यावर पेल्तोतल्या माणसाला दुसरं काय सुचणार? साउना, वाफेच्या आंघोळीची खोली! इथं त्या लाकडी खोलीत पोरं जन्मली, डुकराच्या मांड्या धुरावल्या, पाठी शेकल्या, म्हाताऱ्यांना शेवटची आंघोळ घातली. ज्याला ऊब हवी ते साउनात न्यायचं, यात विचार कसला करायचा? सकाळी कपडे वाळवायला घातलेल्या जाळाचे निखारे अजून होते, दगड कोमट होते. इर्यानं धनुष्य एका फळीला उलटा पीळ देऊन बांधलं, खालच्या बाकावर ठेवलं, दार लावलं आणि बाहेर बसली.

ती बसली ती सात मिनिटं. मग उठली. लाखेचा डबा संपत आलाय, दुकान दहा मिनिटांवर आहे, येऊन-जाऊन वीस. गाडी काढून ती गेली. दुकानात एका बाईच्या पिशवीचा बंद तुटला होता. तो इर्यानं बांधून दिला.

इकडे चार वाजले आणि वाइनो गेली तेहतीस वर्षं दर शनिवारी जे करत आला ते त्यानं केलं. साउनाच्या चुलीचं तोंड बाहेरच्या खोलीत होतं. त्यानं बर्चचे जाडजूड ओंडके आत सारले, झडप उघडली आणि पाणी आणायला गेला. आत डोकवायचं त्याला कारणच नव्हतं.

इर्या परत आली तेव्हा धुराड्यातून सरळ पांढरा धूर चढत होता. ती गाडी बंद न करताच धावली. दार उघडताच गरम हवेनं तोंड भाजलं. फळी होती, दोऱ्या होत्या. धनुष्याची खालची फायबरची पट्टी मात्र मेपलपासून सुटून वर आली होती, भाजलेल्या पापडाचा पापुद्रा सुटावा तशी. साठ वर्षांचा डिंक वितळून बाकावर थेंब थेंब पडला होता.

"वाइनो!"

तो बादली घेऊन आला आणि बघतच राहिला. "तुझं धनुष्य आंघोळीला बसलंय, हे मला कुणी सांगायचं?"

"मी बाहेर बसले होते!"

"कुठं? खुर्ची तर रिकामी होती."

ती बाकावर बसली, भाजलं तशी उठली आणि रडू लागली. वाइनोनं बादली खाली ठेवली. तो चांगला माणूस होता, पण रडणाऱ्या बायकोजवळ काय करायचं हे त्याला तेहतीस वर्षांत समजलं नव्हतं. "जा, सांगून टाक तिला," तो म्हणाला.

"उद्या दुपारी मेळा आहे. तीन वर्षं वाट पाहिलीय तिनं. आज सांगू? तुमचं धनुष्य मी शिजवलं म्हणून?"

"मग काय करणार?"

काय करायचं ते तिला बोलता बोलताच सुचलं होतं, आणि सुचलं याचीच तिला भीती वाटली. शेडमध्ये वर टांगलेलं दुसरं एक धनुष्य होतं. त्याच कारखान्याचं, त्याच सालचं, तेवढ्याच ओढीचं. मागच्या वर्षी एका मेलेल्या माणसाच्या घरातून तिनं ते उचललं होतं. फरक एवढाच की साइमाच्या मुठीवर चामड्याची जुनी, घामानं काळी पडलेली पट्टी होती. इर्यानं ती पट्टी अलगद सोडवून दुसऱ्यावर गुंडाळली. टाका टाक्यावर बसला. एवढं सफाईदार काम तिनं वर्षभरात केलं नव्हतं. त्या सफाईची तिला लाज वाटत होती आणि तरी ती शिवणीवरून पुन्हा बोट फिरवत होती.

वाइनो दारात उभा राहून बघत होता. "हे बरोबर नाही, इर्या."

"तिच्यासाठीच करतेय."

"हं," वाइनो म्हणाला आणि साउनाचा बाक घासायला गेला.

रविवारी ऊन स्वच्छ होतं. कुरणात टेबलावर कॉफीची मोठी किटली, वेलदोड्याचे पाव, फडक्यात गुंडाळलेल्या पेस्टीज, मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्यांसारख्या. चाळीसेक माणसं होती. साइमा लेकीच्या गाडीतून उतरली, ठेवणीतला निळा स्वेटर घालून. इर्यानं धनुष्य दोरी चढवूनच पुढं केलं. इथं दुसऱ्याच्या धनुष्याला कुणी दोरी चढवत नाही, ज्याची त्यानं चढवायची. पण चढवताना साइमाचा हात पात्यावरून फिरला असता आणि पीळ नाही हे तिला कळलं असतं.

साइमानं भुवई उचलली. "चढवून आणलंस?"

"खांद्याला त्रास नको म्हणून."

"बरं," साइमा म्हणाली. जवळचं तिला धूसर दिसे, लांबचं मात्र स्वच्छ. तिनं मुठीवरची पट्टी चाचपली, मान हलवली. इर्या पेस्टीवरच्या फडक्याची गाठ सोडून पुन्हा बांधू लागली. ओळखलं असतं तर बरं, असंही तिला वाटून गेलं.

मेळ्याचा चिटणीस डेल्बर्ट निएमी यानं टोपी काढली. बाकीच्यांनीही काढल्या. साइमानं तीन बोटांचा हातमोजा घातला, बाण लावला, ओढला. खांदा थरथरला, मग थांबला. बाण सुटला.

तीस पावलांवर पेंढ्याचा भारा, त्यावर कागद, कागदाच्या मध्ये पिवळा ठिपका. बाण ठिपक्याच्या उजवीकडं वीतभर लांब लागला. दुसराही तिथंच. तिसरा सोडताना साइमानं श्वास जास्त वेळ धरला. तोही उजवीकडं.

"वा, तॅती!" डेल्बर्ट ओरडला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. लहान मुलाच्या गाण्याला वाजवतात तशा, नको तेवढ्या जोरात.

साइमा लांबूनच कागदाकडं बघत उभी होती. तिला तर सगळं स्पष्ट दिसत होतं. मग ती वळली. हातमोजा काढला, नीट घडी करून इर्यापुढं धरला. "घे. तुझ्या हाताला बसेल."

"तॅती..."

"मी म्हटलं होतं ना, कळेल म्हणून. कळलं." तिचा आवाज अगदी साधा होता. "कॉफी झाली का रे, डेल्बर्ट?"

हातमोजा इर्याच्या तळहातावर अजून गरम होता. तिची नजर भाऱ्याकडं गेली. तीनही बाण इतके जवळ लागले होते की पिसं एकमेकांत गुंतली होती. गेलेल्या हाताचे बाण असे लागत नाहीत. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. तॅतीच्या धनुष्याला पीळ होता. ते बाण डावीकडं फेकत होतं, म्हणून तॅती वर्षानुवर्षं नेम उजवीकडं धरत आली होती. आणि आज तिच्या हातात सरळ धनुष्य होतं.

इर्या गप्प बसली असती तर कुणाला कधी कळलं नसतं. तॅती कॉफी पिऊन घरी गेली असती आणि आपला हात गेला असं समजून मेली असती. इर्याला ते सोसलं नाही.

"हे धनुष्य तुमचं नाही!" ती ओरडलीच.

सगळं कुरण तिच्याकडं वळलं. ढवळणारे चमचे थांबले.

"काय?" साइमा म्हणाली.

"तुमचं माझ्याकडं आहे. पट्टी तेवढी तुमची, ती मी काढून यावर लावली. तुमच्या धनुष्याला पीळ होता, तो मी काढत होते. तुम्ही नको म्हणाला होता तरी. साउनात ठेवलं. ते सुटलं."

मागं कुणीतरी फुस्सकन हसलं. साउना काय करतो ते इथं सगळ्यांना ठाऊक होतं. वाइनोनं वळून बघितलं तसं हसणारा कॉफीत बघू लागला.

"पीळ माझाच होता," साइमा सावकाश म्हणाली. "एकोणीसशे पासष्टच्या उन्हाळ्यात मीच ते गोठ्याच्या भिंतीला टेकवून विसरले. त्यानंतर दोनदा राज्यात पहिली आले. तो पीळ होता म्हणून काय झालं होतं?"

"मला माहीत नव्हतं."

"विचारलं का नाहीस?"

इर्या हातातला हातमोजा उलटा करून त्याची शिवण चाचपू लागली.

"म्हणजे हात..." साइमा थांबली. एक्याऐंशी वर्षांची ती बाई पहिल्यांदाच घाबरल्यासारखी दिसली. "म्हणजे हात माझा ठीक आहे?"

"जाऊन बघा. तिन्ही बाण एका मुठीत आहेत."

साइमा गेली. तीस पावलं, एकटी, कुणाचा हात न धरता. भाऱ्याशी वाकून तिनं तिन्ही बाणांभोवती मूठ वळली. मूठ मिटली. तिनं बाण उपसून घेतले. मग परत आली आणि इर्यापुढं हात पसरला. इर्यानं हातमोजा दिला.

"तीनच बाणांची रीत आहे, तॅती," डेल्बर्ट कसंनुसं म्हणाला.

"रीत मला शिकवतोस? तुझ्या बापाला मी शिकवली."

चौथ्या बाणाचा नेम तिनं सरळ मध्यावर धरला. साठ वर्षांची सवय हाताला उजवीकडं ओढत होती, हे इर्याला इथूनही दिसत होतं. बाण पिवळ्याच्या उजव्या कडेवर बसला. कडेवर, पण पिवळ्यात. या वेळी टाळ्या खऱ्या वाजल्या. साइमाची लेक गाडीला टेकून रडत होती.

साइमानं धनुष्य इर्याच्या हातात दिलं. तिच्या चेहऱ्यावर आता राग होता, चांगला लालबुंद. हात ठीक आहे हे कळेपर्यंत रागावायला तिला सवड नव्हती.

"माझं आहे तसं घेऊन ये. संध्याकाळच्या आत. डिंक लावायचा नाही, बांधायचं नाही, पुसायचंसुद्धा नाही. भिंतीवर टांगणार आहे मी ते, सुटलेलं. जमेल?"

"जमेल."

"तुझ्या हातांना विचारून सांग."

इर्यानं धनुष्य वाइनोकडं दिलं आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. खिशाच्या अस्तराला एक भोक होतं. तिचं बोट तिथं गेलं, धागा चाचपू लागला, आणि तिनं मूठ घट्ट मिटून घेतली. डेल्बर्टनं कॉफी आणली तेव्हा तिनं नको म्हटलं.

"पी गं," साइमा टेबलाकडून ओरडली. "कपाचा कान तेवढा ढिला आहे, त्याला हात लावू नकोस."