उजवा कान

एका कानात एक मत, दुसऱ्या कानात त्याच्या विरुद्धचं, आणि ऐकणाऱ्याने मधे बसून आपलं आपण ठरवावं, एवढ्या एका कल्पनेपायी मी घरच्या घरी स्टिरिओ एफएम ट्रान्समीटर बांधायला घेतला होता. आवाज चार गल्ल्यांपलीकडे जाणार नव्हता; पण चार गल्ल्या तरी विचार करायला लागल्या असत्या. विरुद्ध बाजू माझा मित्र मांडणार होता. कशालाही हरकत घ्यायचा म्हणून आम्ही त्याला वकील म्हणायचो. कॉइल गुंडाळता गुंडाळता आमचं वाजलं. "तुला विरोधक नकोय रे, टाळ्या वाजवणारा हवाय," असं म्हणून तो आपला माईक घेऊन निघून गेला. मग उजव्या बाजूच्या माईकसाठी ठेवलेल्या वायरची दोन टोकं मी सोल्डरचा डाग देऊन एकमेकांना जोडून टाकली, म्हणजे तिकडून खरखरसुद्धा जाऊ नये, आणि डावीकडून एकटाच बोलू लागलो.

पुढच्या खोलीत बायको मशीनवर लोकांच्या पँटी आखूड करता करता हेडफोन लावून मला ऐकायची. तिच्या रेडिओवर एक लाल दिवा होता. स्टिरिओसाठी आवाजासोबत कानाला न कळणारा एक बारीक सूर पाठवावा लागतो; तो पोचला की हा दिवा लागतो. पहिल्यांदा तो लागला तेव्हा मी तिला उचलून गिरकी घेतली होती.

"वायरमन, तुझ्यापेक्षा तो बरा बोलतो हं," एकदा जेवताना ती म्हणाली.

"कोण?"

"उजव्या कानातला. तू नुसता तावातावाने बोलतोस. तो कसा, थांबून थांबून."

"काय म्हणतो?"

"तू जग बदलायचं म्हणालास ना, तर म्हणे, ह्याला आधी मोरीतला नळ बदलायला सांगा." आणि ती हसली. इतकी मोकळी ती माझ्यासमोर कधी हसली होती ते मला आठवेना. नळ गळत होता हे खरं होतं, पण ते आम्हा दोघांखेरीज कोणाला माहीत असणार?

मी तडक वकिलाकडे गेलो. त्याने कपाट उघडून धूळ बसलेला माईक दाखवला. "वहिनींशी बोलायचं असेल तर घरी येईन की! तारेतून कशाला येऊ?"

परत येऊन तिच्या कानावरून हेडफोन काढून मी स्वतः लावला. उजवीकडे काहीच नव्हतं. फक्त शांतता; आपण जायची वाट पाहत कोणीतरी श्वास रोखून धरावा, तशी.

त्यानंतर मी बोलायला बसलो की माझं सगळं लक्ष भिंतीपलीकडे असायचं. माझ्या वाक्याला ती कधी हसली नाही. मी श्वास घ्यायला थांबलो की हसायची. नळ मी बदलला. "तो म्हणालाच होता, बदलशील म्हणून," ती म्हणाली. मग ती हेडफोनचा डावा भाग कानामागे सरकवून बसू लागली. मी विचारलं तर म्हणाली, "मशीन ऐकू यायला नको का?"

शेवटी एका दुपारी, ती कामात असताना, मी तो बारीक सूर काढणारा क्रिस्टलच उपटला. आता स्टिरिओ संपला; दोन्ही कानांत मीच. मी माईकसमोर तिचं नाव घेतलं, लग्नाआधी घ्यायचो तसं, हळू. मग आतूनच विचारलं, "दिवा गेला का गं?"

"नाही रे. आहे की."

मी ट्रान्समीटरचा प्लग भिंतीतून ओढून काढला. क्रिस्टल मुठीत घट्ट धरून बाहेर आलो. मशीन थांबलेलं होतं, पँट तिच्या मांडीवर तशीच पडली होती आणि लाल दिवा स्थिर जळत होता.

"बंद केलंय मी ते," मी म्हणालो. "सगळंच."

"हो," ती माझ्याकडे न बघताच म्हणाली. "आत्ताच सांगितलं त्याने, तू येऊन असं म्हणशील."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेव्हा तिने अगदी सावकाश, न चिडता, आपला मोकळा डावा कान तळहाताने झाकून घेतला.