माकोरीच्या बॅटरीत शिरलेला चुलता

प्रेषित ओम्बासा यांनी मंगळवारी भर दुपारी, माकोरीच्या केस कापायच्या दुकानात, साक्षात मरणावर विजय मिळवला. मेली होती ती बारा व्होल्टची बॅटरी.

किसीच्या डोंगराळ मुलखात आठवडाभर ढग होते, ऊन नव्हतं. त्यात माकोरीने चुलत्याच्या मयतीत तीन रात्री कर्णे वाजवायला तीच बॅटरी दिली होती. एवढं केलं नाही तर तिथे भाऊबंद तोंड बघत नाहीत. परत आणून छपरावरच्या सौर पॅनेलशी जोडली, तर कंट्रोलरच्या डबीवर लाल दिवा. केस कापायचं मशीन गप्प. गिऱ्हाइकं खालच्या आळीतल्या न्हाव्याकडे. दुसरी बॅटरी घ्यायची ऐपत नव्हती. ही गेली की दुकान गेलं.

"तुझा चुलता आत शिरलाय," प्रेषितांनी निदान केलं. "हा लाल डोळा त्याचाच."

"तो तर जन्मभर कुठल्या कामाला हात लावत नव्हता," माकोरी म्हणाला.

"म्हणूनच यंत्र बंद आहे, बाळा."

दारातल्या गर्दीला हे तंतोतंत पटलं. प्रेषितांनी डबीवर जांभळं फडकं टाकलं, आत हात घातला आणि सैतानाला असं झापलं की समोरच्या कोंबड्या पांगल्या. फडक्याची कड उचलून दाखवली. लाल डोळा मिटलेला. वर बल्ब लागलेला.

"मोरांगीच्या घरीही प्रेषितांनी असाच दिवा लावला होता," कोणीतरी अभिमानाने म्हणालं.

"आणि महिन्याभरात त्याची बॅटरी कायमची गेली," मागून बोसिबोरीबाई म्हणाल्या. बाई विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. अर्ध्या गर्दीचे कान त्यांच्या ओळखीचे होते.

"त्याची श्रद्धा आटली," प्रेषित म्हणाले.

"आणि शापित म्हणून ती तुझ्याच मेव्हण्याने भंगारात विकायला नेली. आतल्या शिशाच्या भावाला शाप लागत नाही वाटतं?" बाईंनी फडकं ओढलं. "माकोरी, काय दिसतंय?"

लाल दिव्यावर काळी चिकटपट्टी होती. बल्बच्या वायरी डबीतून उपटून थेट बॅटरीला लावल्या होत्या.

"बॅटरी फार उतरली की ही डबी वीज तोडते, बॅटरी वाचावी म्हणून. पार रिकामी होऊ दिली तर ती आतून नासते. ह्याने राखणदाराला हाकललं आणि तू हात जोडलेस."

"मग आता काय करू, बाई?"

"वायरी जागेवर लाव. पॅनेलवरची धूळ पूस. ऊन पडेल तशी भरू दे, तोवर कात्रीने काम कर. आतलं पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटर घाल, मंतरलेलं नको. आणि मयतीला उसनी देऊ नकोस."

"चुलती बोलेल."

"बोलू दे. बोलण्याने बॅटरी उतरत नाही." बाई गर्दीकडे वळल्या. "तुम्हीही ऐका. चमत्कार दाखवणाऱ्याला आधी फडकं काढायला सांगा. नाही म्हणाला, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं."

माकोरीने वायरी जागेवर लावल्या. बल्ब विझला, आणि बघण्यासारखं काही न उरल्याने गर्दीही पांगली.

शुक्रवारी ऊन पडलं. शनिवारी दुपारी डबीवर हिरवा दिवा लागला आणि मशीन घरघरलं. माकोरीने पहिलं गिऱ्हाईक खुर्चीत बसवलं, तोच दारात प्रेषित उभे.

"बाळा," ते हळूच म्हणाले, "मोबाइल जरा चार्जिंगला लावतोस का? दहा टक्के झाला तरी पुरे."