पेन्सिलीतली गल्ली

नगरपालिकेच्या नकाशा विभागात बाईंनी एकोणतीस वर्षं काढली, पण सख्ख्या बहिणीची गल्ली आपल्याच हातून गायब होईल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. नवा संगणकी नकाशा पडद्यावर झळकत होता. नाले, दिवे, झाडंसुद्धा होती. टेकडीमागची त्रेचाळीस घरं तेवढी नव्हती!

घोळ कुठे झाला ते बाईंना लगेच कळलं. विभागाची शिस्तच तशी होती. साहेब जागेवर जाऊन पाहत नाहीत तोवर रेघ पेन्सिलीची, पाहिल्यावर शाईची. बावीस वर्षांत त्या गल्लीला एकाही साहेबाचे पाय लागले नव्हते. स्कॅनरने शाई उचलली, पुसट पेन्सिल सोडून दिली. आणि पाण्याचे नवे पाइप याच नकाशावरून पडणार होते. बहीण अजूनही पाण्याचे डबे घेऊन टेकडी चढत होती.

"पडताळणीवर सही करा," साहेब म्हणाले. "पाचला फाइल वर जातेय. राहिलेलं पुढच्या वेळी बघू."

"पुढची वेळ कधी?"

"दहाएक वर्षांनी. तुमची बहीण राहते तिथे, म्हणून जीव तुटतोय ना?"

"हो, राहते. म्हणून तर मला माहीत आहे तिथे घरं आहेत. तुम्हाला कुठून माहीत असणार?"

जेवणाच्या सुट्टीत बाई जागेची नोंद करणारं जीपीएस यंत्र घेऊन गल्लीत गेल्या आणि एकेका दारात उभं राहून बटण दाबून आल्या. पडद्यावर त्रेचाळीस ठिपके पडले.

साहेबांनी नकारार्थी मान हलवली. "मूळ नकाशात शाईची रेघ नाही. नियम म्हणजे नियम."

तो नियम बाईंनीच इतकी वर्षं मुकाट्याने पाळला होता. त्याची त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला. त्यांनी मूळ नकाशा टेबलावर पसरला, पेन उघडलं आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत पेन्सिलीवरून शाईची रेघ ओढली.

"अहो, तो अधिकार माझा आहे! नोकरी जाईल तुमची!"

"जाऊ दे. बावीस वर्षं पडून होता, आज मी वापरला."

रेघेखाली सही करून, तारीख घालून त्यांनी नकाशा स्कॅनरमध्ये सरकवला. पडद्यावर गल्ली उमटली.

"आता पुसायची तर खुशाल पुसा," बाई म्हणाल्या. "पण पुसल्याच्या कागदावर सही तुमची लागेल."