पालथं सुगड

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सिंधू आली आणि दारातूनच म्हणाली, काकू, गुरुवारी माझ्यासोबत दवाखान्यात चला, तांबी काढून टाकायची आहे.

मी अंगणात उन्हात बसून गहू निवडत होते. हात सुपातच थांबला. ती तांबी काढली तर काय होऊ शकतं, हे आमच्या ओळीतल्या सगळ्या क्वार्टरांना माहीत होतं.

शहरात विषारी गॅस निघाला आणि हजारो माणसं गेली, त्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या हिवाळ्यातली ही गोष्ट. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, पिपलानीत, विजेची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. आमचे हे, म्हणजे नरहर, क्रेन चालवायचे. शेजारच्या क्वार्टरमध्ये सुभाष, त्याची बायको सिंधू, दोन लहान मुली आणि सुभाषची आई. सुभाष तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळायच्या खात्यात होता. धाकटी झाली तेव्हा सिंधूचं रक्त थांबता थांबेना. त्याच्या खात्यातली माणसं मशीन सोडून रक्त द्यायला धावली होती. ती वाचली, पण डॉक्टरबाईंनी सुभाषला समोर बसवून सांगितलं की एवढ्यात पुन्हा दिवस राहिले तर मला हिला वाचवता येईल असं वाटत नाही. ऑपरेशन करायला अंगात रक्त नाही, ते भरेपर्यंत तांबी बसवते. बायका थट्टा करायच्या की सुभाष दिवसभर तांब्यात आणि बायकोलाही तांबीच. सिंधूही हसायची.

आता ती हसत नव्हती. छातीवर हात ठेवून म्हणाली, तांबी वर चढली आहे. समोरच्या शुक्लाइननं तिच्या सासूला सांगितलं होतं की त्यांच्या गावात एकीची अशीच चढत चढत कलेजापर्यंत गेली आणि ती बाई पाणी भरता भरता गेली. तेव्हापासून सासूच्या जिवाला घोर. सिंधूला जिना चढला की धडधड व्हायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. सासू म्हणायची, बघ, चढतेय. सासू वाईट नव्हती. सून मरेल या भीतीनं ती बाई रात्रीची जेवत नव्हती. तिला नातू हवा होता हेही खरं, पण भीती त्याहून मोठी होती.

मी सिंधूला धीर द्यायला हवा होता. पण मला तरी काय ठाऊक होतं? मला चार मुलं झालेली, आणि माझ्या पोटात आतून सगळं एकच मोकळं पोतं आहे असं मी समजून होते. अन्न वरून पडतं, मूल खालून निघतं, मधे कुठे भिंत आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खालून घातलेली वस्तू वर चढेल यात मला काही अशक्य वाटलं नाही. मी म्हटलं, बरं, येईन.

मंगळवारी लीलावतीताईंकडे हळदीकुंकू होतं. ताई इंजिनियरसाहेबांच्या पत्नी. महिला मंडळाच्या वर्गात मला चाळिशी उलटल्यावर अक्षरं शिकवली ती त्यांनीच. त्या दर वर्षी कुणाला तरी बोलवायच्या, कधी भजनाला, कधी लोणच्यांवर बोलायला. त्या वर्षी त्यांनी डॉक्टरबाईंना बोलावलं. डॉक्टरबाईंचं नाव वैजयंती, नागपूरच्या, वयानं सिंधूएवढ्याच. सिंधू माझ्या शेजारी सतरंजीवर बसली. सासू घरीच होती. विधवा बाईला हळदीकुंकवाला कोण बोलावतं?

तीळगूळ झाला, वाण झालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, मी भाषण करत नाही, मला फक्त एक सुगड द्या.

ताईंनी पाटावरचं एक सुगड दिलं. मुठीएवढं, काळं, गळ्याला दोरा गुंडाळलेला, अंगावर हळदीकुंकवाची बोटं. डॉक्टरबाईंनी त्यातली बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे तुकडे ताटात ओतले आणि सुगड पालथं करून वर धरलं. तोंड खाली, पोट वर.

त्या म्हणाल्या, “हे तुमचं गर्भाशय. एवढंच असतं. सगळ्यांचं.”

पदर तोंडाला लागले. मागून कुणीतरी हळूच म्हणालं की माझा बाळू साडेसात पौंडांचा होता, तो यात कुठे मावला असेल. हशा झाला. डॉक्टरबाईही हसल्या. म्हणाल्या, हे मातीचं नाही, मांसाचं आहे. बाळ धरलं की त्याच्याबरोबर वाढत वाढत बरगड्यांपर्यंत जातं, आणि बाळ बाहेर आलं की काही आठवड्यांत पुन्हा मुठीएवढं होतं. हशा थांबला. मी माझी मूठ मिटली आणि तिच्याकडे बघत बसले. चार वेळा. मी स्वयंपाक करत होते, धुणं धुवत होते, आणि आत हे चार वेळा फुगलं आणि चार वेळा मिटलं, आणि मला पत्ता नव्हता.

मग त्यांनी आपल्या स्वेटरची बाही ओढून सुगडाच्या तोंडावर चढवली. बाही म्हणजे खालची वाट. तिला योनी म्हणतात, त्या म्हणाल्या, अगदी साधेपणानं, कुणी कोपराला कोपर म्हणावं तशा. ही वाट इथे या तोंडाशी संपते. पुढे रस्ता नाही. आपल्या आतल्या सुगडाचं तोंड एरवी इतकं मिटलेलं असतं की काडी जेमतेम जाईल. वर दोन्ही बाजूंना नळ्या आहेत, पण त्या आतून केसाएवढ्या. “त्यातून तांबी जाईल तर तुमच्या बांगडीतून हंडा जाईल,” त्या म्हणाल्या.

सिंधूनं माझं मनगट धरलं.

डॉक्टरबाईंनी ताईंच्या अंबाड्यातला आकडा मागून घेतला, सुगडाच्या गळ्याचा दोरा सोडून त्याला बांधला, आकडा आत सरकवला. दोरा तोंडातून खाली लोंबत राहिला. त्यांनी सांगितलं की तांबी ही अशी असते. कधी ती गळून पडते, फार क्वचित भिंतीत रुतून पोटात सरकते, पण काळजापर्यंत जायला तिला वाटच नाही. म्हणून दर महिन्याला पाळी संपली की हात स्वच्छ धुवायचे, उकिडवं बसायचं आणि बोटानं दोरा पाहायचा. लागला तर तांबी घरी आहे. नाही लागला तर माझ्याकडे यायचं. आणि आत गोल, टणक, गुळगुळीत असं काही लागेल, घाबरायचं नाही, ते गर्भाशयाचं तोंड. “नाकाच्या शेंड्यासारखं लागतं,” त्या म्हणाल्या.

खोलीतल्या सगळ्या बायकांनी नाकाला हात लावला. नथ असलेल्यांनी नथ सावरून लावला.

त्यानंतर प्रश्न सुटले. एकीनं विचारलं की लघवीच्या वाटेत तांबी अडकत नाही का. डॉक्टरबाई म्हणाल्या की ती वाट वेगळीच आहे, वर, अगदी बारीक. पुढून मागे तीन वाटा आहेत. तीन. माझ्याहून मोठ्या दोघीतिघींची तोंडं माझ्यासारखीच उघडी राहिली. दुसरीनं नव्या नवरीच्या रक्ताचं विचारलं. त्या म्हणाल्या की तो पडदा नसतोच, तोंडाशी मऊ झालर असते, प्रत्येकीची निराळी, ताणणारी. कित्येकींना पहिल्या वेळी रक्त येतच नाही, आणि नुसतं बघून कुठल्याही डॉक्टरला काही सांगता येत नाही. मला वाटतं तिथल्या प्रत्येकीला कुणीतरी आठवली. मला माझी मावसबहीण आठवली, पांढऱ्या चादरीच्या सकाळी माहेरी परत पाठवलेली.

आणि वरच्या टोकाला दाण्याएवढं एक असतं, त्याचं काम काय, असं मागच्या भिंतीशी बसलेल्या एकीनं विचारलं, कोणी ते कळलं नाही.

“सुख,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “दुसरं काही काम नाही त्याला.”

यावर हसावं की नाही हे कुणाला कळेना. मग लीलावतीताईच म्हणाल्या, देवानं आठवणीनं दिलंय हो, आणि सगळ्या हसल्या. पण घरी जाताना मी बायकांकडे पाहत होते. प्रत्येकीनं आपलं सुगड दोन्ही हातांनी धरलं होतं.

बुधवारी कारखान्याचा भोंगा झाला, पुरुष गेले, मुलं शाळेत गेली, आणि सिंधू माझ्याकडे आली. तिच्या घरात सासूची नजर होती. मी पाणी तापवून दिलं, साबण दिला. ह्यांचा दाढीचा आरसा खिळ्यावरून काढून दिला, कारण डॉक्टरबाई निघताना म्हणाल्या होत्या की एकदा बघूनही घ्या, आपलंच आहे. न्हाणीचं दार लागलं. मी बाहेर पायरीवर बसले.

फार वेळ झाला. समोर भिंतीवर ऊन सरकत होतं. तिला दोरा लागला नाही तर उद्या काय, हे माझ्या मनात येत होतं आणि मी ते मागे सारत होते.

दार उघडलं. सिंधू ओल्या हातांनी तशीच उभी राहिली.

“आहे,” ती म्हणाली. “काकू, दोरा आहे. आणि ते... तस्संच आहे हो.” आणि तिनं नाकाच्या शेंड्याला बोट लावलं. तिचे डोळे भरले होते, पण ती रडत नव्हती. मोठ्या देवळात पहिल्यांदा गेलेलं मूल वर घुमटाकडे बघतं, तशी ती बघत होती.

ती गेल्यावर मी आरसा खिळ्याला लावायला उचलला आणि लावला नाही. दाराला कडी घातली. काय पाहिलं ते सगळं लिहीत नाही. एवढंच सांगते की मला काहीतरी ओंगळ दिसेल असं वाटलं होतं, आणि दिसलं ते पाकळीवर पाकळी, नीट मिटलेलं, जास्वंदीच्या कळीच्या रंगाचं. ह्या अंगाला आमच्या घरात नाव नव्हतं. ‘खालचं’ म्हणायचो. मी न्हाणीत बसून ते नवे शब्द एकदा हळू उच्चारले. संध्याकाळी ह्यांनी विचारलं की आरसा इतका लख्ख कसा. म्हटलं, धुतला.

गुरुवारी सकाळी मी सिंधूकडे गेले तेव्हा सासू तयार होऊन पायरीवर बसली होती. तांबी काढून झाल्याशिवाय ती दवाखान्यातून हलणार नव्हती. सिंधूनं तिला सांगितलं की तांबी चढलेली नाही, काढायची नाही. धडधड अंगात रक्त कमी आहे म्हणून होते असं डॉक्टरबाईंनी मंगळवारी सांगितलंय, आज फक्त रक्ताच्या गोळ्या आणायच्या.

“डाक्टरीण म्हणणारच,” सासू म्हणाली. “तिनंच तर बसवली.”

“डॉक्टरबाईंचं नाही सांगत, आत्याबाई. मी हात लावून पाहिलं.”

सासूनं माझ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. “तू? तिथं कुणी हात लावतं का?”

“माझंच आहे ना ते.”

सासूनं गुडघ्यावर हात टेकला. मला वाटलं आता ती उठून आत जाईल आणि दार लावेल, आणि मग सुभाष घरी आल्यावर काय ते होईल. सिंधूच आत गेली आणि मंगळवारचं सुगड घेऊन आली. पायरीवर सासूच्या पायाशी बसली. सुगड पालथं केलं, आपल्या स्वेटरची बाही चढवली, केसांतला आकडा काढला, दोरा बांधला. डॉक्टरबाईंनी केलं तस्संच, पण हळू. इथे वाट संपते आत्याबाई. इथून पुढे कुठेच नाही. हा दोरा माझ्या बोटाला लागला. तुमचंही असंच आहे.

सासूनं सुगड मागितलं. त्या घरात तिच्या हातात संक्रांतीचं सुगड आलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. तिनं ते तळहातावर घेतलं, फिरवलं, तोंडात चार बोटं जुळवून घालून पाहिली. ती गेली नाहीत.

“सात,” ती म्हणाली. “सात लेकरं झाली मला. याच्यातून?”

“याच्यातून.”

भटसुअर म्हणतात तो डुकराच्या तोंडाचा तीनचाकी टेम्पो कोपऱ्यावर धुरळा उडवत उभा होता. आम्ही तिघी त्यात बसलो. गोळ्यांसाठी सासूला यायची गरज नव्हती, पण ती आली. तांबी पुढे तीन वर्षं तिथेच राहिली, आणि मग अंगात रक्त भरल्यावर सिंधूचं ऑपरेशन झालं. ते सगळं नंतरचं. त्या सकाळी टेम्पोत सासू माझ्या शेजारी बसली होती. सुगड तिच्या मांडीत पालथं होतं, एक हात त्यावर. टेम्पो आपटला की ती ते पोटाशी धरायची. बाहेर कारखान्याची लांबच लांब भिंत मागे जात होती आणि सासू तिकडे बघत नव्हती. दुसऱ्या हाताचं बोट तिनं नाकाच्या शेंड्यावर ठेवलं होतं, आणि दवाखाना येईपर्यंत ते तिथेच होतं.