एकेचाळीस नंबरची नळी

बाबांच्या हिरड्यांतून कधीच रक्त येत नसे, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! चाळीस वर्षं बँडमध्ये ट्रम्पेट फुंकलेला माणूस. दिवसाला वीस सिगारेटी ओढायचा आणि वर आरशासमोर बत्तीशी दाखवत लेकीला म्हणायचा, "बघ, आहे का एक तरी थेंब?"

लेक दातांच्या दवाखान्यातल्या लॅबमध्ये लाळ तपासायची. ते फिकट, घट्ट, गप्प मांस बघून तिला कसंतरीच व्हायचं. धूर हिरडीतल्या रक्तवाहिन्या आवळून धरतो. आत हाड झिजत जातं आणि वर हिरडी हूं की चूं करत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बाबांच्या समोरच्या दाताच्या कडेने खुणांची बारीक सळई घातली, तेव्हा कुजक्या लाकडात खिळा जावा तशी ती आठ मिलिमीटर आत गेली आणि कोरडी बाहेर आली.

"दात गेले की वाजवणं संपलं," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशन करून वाचवता येतील. पण सिगारेट चालू असेल तर मी हात लावणार नाही. सहा आठवडे सोडा, लाळ तपासू, मग बोलू."

बाबांनी कानाला खडा लावला. ट्रम्पेटवर हात ठेवून शपथही घेतली.

सहा आठवड्यांनी, सकाळी चहाच्या आधी भरलेली लाळेची नळी त्यांनी स्वतः लॅबच्या खिडकीवर आणून दिली. तिच्यावर एकेचाळीस नंबर पडला. कोणाची नळी ते तपासणाऱ्याला कळू नये, असा लॅबचा नियम. पण बाप समोर उभा असताना नियम काय करणार?

नळी गुलाबी होती.

लेकीला आभाळ ठेंगणं झालं. लॅबचं हे उलटंच तंत्र. सिगारेट सुटली की दबलेलं रक्त परत फिरतं. माणसं घाबरून धावत येतात, "सोडल्यापासून रक्त येतंय हो," आणि इथे सगळे खूश होतात. बाबांना रक्त आलं होतं. तिचे डोळे भरून आले.

मग आकडे आले. हिरडीचे धागे विरघळवणारं, आजार बळावला की वाढणारं द्रव्य इतकं वर गेलेलं की तिने तपासणी पुन्हा लावली. पुन्हा तेच. निकोटिनचा अंश होता अगदी थोडा, पण होता. सहा आठवड्यांनंतर तिथे शून्य हवं होतं. एवढासा अंश स्वतः न ओढणाऱ्याच्या, पण धुरात बसणाऱ्याच्या लाळेत सापडतो. मग बाबांच्या शेजारी बसून ओढत कोण होतं? घरात आई आणि बाबा, दोघंच. आणि आई तर कधीच ओढत नव्हती.

दुपारी ती तशीच माहेरी गेली. दार उघडं होतं. आतल्या खोलीत ट्रम्पेट चालू होतं. प्रत्येक सुरामागून हवेची बारीक शिट्टी सुटत होती. दाराच्या फटीतून धुराची रेघ बाहेर येत होती. आई बेसिनपाशी वाकून चूळ भरत होती. लेकीला बघताच तिने घाईघाईने नळ सोडला, पण पांढऱ्या भांड्यात गुलाबी पाणी गोल फिरत राहिलं.

"आई, हे काय?"

"काही नाही गं. ब्रश जोरात लागला."

"दुपारी तीनला? आणि सकाळची ती गुलाबी नळी?"

आईने पदराने ओठ पुसले. "एकदाच नळीत थुंकून दे म्हणाले. तू कधी ओढली नाहीस, तुझं तोंड स्वच्छ आहे, म्हणाले. दात वाचतील ना त्यांचे, म्हणून दिलं."

"आणि हे रक्त कधीपासून?"

"झाली असतील दोन वर्षं. त्यांच्या दातांचं एवढं चाललेलं, त्यात माझं कुठे सांगू? हल्ली उजवीकडून चावत नाही, झालं."

लेकीला बाबांचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. जगभराच्या लाळेचे आकडे मांडणाऱ्या तिने आईच्या तोंडात कधी डोकावून पाहिलं नव्हतं.

आत सूर मध्येच तुटला. बाबा दारात आले. त्यांचे शब्द फुसकन हवेत सुटले.

"पास झालो ना गं?"

त्यांच्या तळहातावर समोरचा दात होता. मुळासकट, लांबलचक, कोरडा. रिकाम्या जागेवरून जीभ फिरवत ते हसले. "दुखलंसुद्धा नाही. बघ, एक थेंब नाही."

लेकीने तिकडे पाहिलंच नाही. तिने खुर्ची खिडकीपाशी ओढली, आईला बसवलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाली,

"आई, आ कर."