सत्याच्या तलवारीची हळद

वर्ग संग्रहालय बघायला आला होता, पण चावडीच्या दारात अर्धं पौड गाव गोळा झालं होतं. एकोणीसशे सत्तावन्न साली गावानं जुन्या चावडीच्या दोन खोल्यांत हे संग्रहालय मांडलं होतं. त्यातल्या अत्तरदाणीचं चांदीचं झाकण आज चौथीची पोरं आत फिरून आली आणि दिसेना. राखणदार कोंडाजीनं लगेच तिथल्याच एका जुन्या तलवारीला ओली हळद फासली.

"ज्यानं घेतलं न्हाई त्यानं भ्यायचं कारन न्हाई," तो गर्दीकडं बघत म्हणाला. "ही सत्याची तलवार. राजाची भीड ठेवली न्हाई, तितं पोरांची काय ठेवनार? चोराचं बोट लागलं की रगत वकती."

एकेका पोराचं बोट धरून तो पात्यावर टेकवू लागला. वीस पोरं झाली, हळद पिवळीच राहिली.

वर्गाच्या बाई, सगुणाबाई, यांचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. रांगेत शेवटी फुला होती, डोंगरावरच्या वाडीतली एकुलती एक शाळकरी पोर. तिचा बाप कान्हू शाळेत नाव घालतानाच म्हणाला होता, "बाई, पोरीवर आळ आला तर मी तिला परत धाडनार न्हाई." आणि झाकण हरवल्याबरोबर बाईंनी स्वतः गुपचूप एकाच पोरीची पिशवी तपासली होती. फुलाची. का, हे त्यांना स्वतःला विचारायची हिंमत होत नव्हती.

फुलाची पाळी आली तसा कोंडाजी थांबला. चंची काढून त्यानं तंबाखूला चुना लावला, निवांत मळला, गालात टाकला आणि तिचं बोट धरलं. पात्यावर लालभडक डाग उमटला.

"बघा," गर्दीतली चंद्राबाई म्हणाली, "वाडीचं पानी."

फुला रडली नाही. तिनं बाईंकडं पाहिलं. त्याच क्षणी बाईंना आईची कुंकू करायची परात आठवली.

"फुला, आता हात धुऊन कोऱ्या हळदीवर एकटीनं बोट लाव," त्या म्हणाल्या. हळद पिवळीच राहिली. "आता कोंडाजी, तुमचा अंगठा."

"आमी राखनदार. आमाला परीक्षा नसती."

"भीड ठेवत न्हाई म्हनलास ना?" म्हातारे हैबतराव पुढं झाले आणि त्यांनी त्याचा अंगठा पात्यावर दाबला. तलवारीनं लागलीच रक्त ओकलं.

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. "चंद्राबाई, हळदीला चुना लागला की काय होतं?"

"कुकू व्हतं," चंद्राबाई खाली बघत पुटपुटली. घरोघरच्या बायकांना ठाऊक असलेली गोष्ट, पण पात्यावर दिसली आणि सगळ्या विसरल्या.

"तुमच्या राखणीतली वस्तू गेली, म्हणून जिच्या बाजूनं बोलायला कुणी नाही ती पोर धरलीत," बाई कोंडाजीला म्हणाल्या.

"मंग झाकन न्येलं कुनी?" कुणीतरी विचारलं.

"ठाऊक नाही. शोधू. ठाऊक नाही म्हणायला लाज वाटली की मग अशा तलवारी लागतात."

परतीच्या वाटेवर फुला बाईंच्या जवळून चालत होती. "बाई, तुमी माजीच पिशवी का उसकटली?"

बाई थांबल्या. "चुकले मी. तुझ्यावर संशय घ्यायला मला तर हळदसुद्धा लागली नाही."

लोकहो, चमत्कार दिसला तर दाखवणाऱ्याचा हात आधी धुवायला लावा. आणि चोर म्हणून कुणाचं नाव चटकन मनात आलं, तर ते का आलं हेही स्वतःला विचारा.